अर्धं दुकान वहिनीला

“पाटी ह्यांच्याच नावाची असू दे, माणसं घासाघीस कमी करतात,” असं आई एकदा पेंटरला म्हणाली होती. मी तेव्हा शाळेच्या गणवेशात शिडीचा पाय धरून उभी होते. पुढे व्यवसाय, तंत्रज्ञान आणि समानता यांवर मी जे काही संशोधन केलं, ते त्या एका वाक्याच्या मागे लागूनच केलं. म्हणून हे मृत्युपत्रही तिथूनच सुरू करते.

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, अविवाहित, विद्यापीठात अध्यापिका, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझी शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांनी आशा सोडलेली नाही, मीही नाही. पण मागे घोळ नको. घरात ज्याला जशी हाक मारते तसंच इथे लिहिलं आहे. पूर्ण नावं माझ्या वकील मैत्रिणीने परिशिष्टात घातली आहेत. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

१. माझा राहता फ्लॅट आणि उपचारांतून उरेल ती शिल्लक माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला मिळावी. तिच्या लग्नाच्या बोलणीत या फ्लॅटचा विषय कुणीही काढू नये. पुस्तकंही तिचीच. समासात मी पेन्सिलीने बरंच भांडले आहे, ते तिने खोडू नये.

२. दुकानं चालवणाऱ्या बायकांच्या मुलाखतींचं ध्वनिमुद्रण माझ्या कपाटात आहे. “दुकान कुणाचं?” असं विचारलं की हातातलं काम न थांबवता त्या सांगायच्या, “ह्यांचं.” मग मी प्रश्न बदलला. कोण आजारी पडलं की दुकान बंद राहतं? पडदे शिवणाऱ्या एक बाई म्हणाल्या, “ह्यांना ताप आला तर औषध देऊन मी दुकान उघडते. मला ताप आला की ह्यांना सुट्टी मिळते.” सरकारी पाहणीत या बाईंची नोंद ‘मदतनीस’ अशी होती. माझं सगळं काम या एका प्रश्नावर उभं आहे. जिचा आवाज आहे तिला विचारून, ती हो म्हणाली तरच तो ग्रंथालयात ठेवावा. नाहीतर पुसून टाकावा. विद्यापीठातल्या माझ्या विभागाने घाई करू नये.

३. या प्रश्नावरचा माझा निबंध छापून आला तेव्हा माझ्या मार्गदर्शक सरांनी स्वतःचं नाव आधी घातलं. पुरुषांच्या नावाखाली चालणाऱ्या बायकांच्या धंद्यांवरचा निबंध होता तो. परिषदेत माझ्या खुर्चीपुढे ‘सहायक’ अशी पट्टी होती. ती मी जपून ठेवली आहे. ती सरांना द्यावी. याहून जास्त राग आता शिल्लक नाही.

४. आता दुकान. शिलाई मशीन दुरुस्तीचं हे दुकान आईने थाटलं. बाबा कचेरीत होते. सुईत दोरा ओवायलाही त्यांना आई लागायची. पाटीवर त्यांचं नाव, पुढे ‘अँड सन्स’. मुलगा एकच होता. दुसरा मीच, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

आई-बाबांच्या पश्चात दुकान दादाच्या आणि माझ्या नावावर निम्मं-निम्मं झालं. चालवते मात्र वहिनी. आईच्या हाताखाली ती शिकली. आता विजेच्या मोटारीवर चालणारी मशीनंही तीच खोलते, आणि आवाज ऐकून दोष सांगते. गिऱ्हाइकाने मोबाइलवरून पैसे दिले की काउंटरवरचा डबा मोठ्याने बोलतो, ‘पैसे मिळाले.’ ते मिळतात दादाच्या खात्यात.

शेजारचा मोबाइलवाला जागा मागतो आहे आणि दादाला ती विकायची आहे. वहिनीला विचारलेलं नाही. दादा वाईट नाही. माझ्या दवाखान्याच्या प्रत्येक फेरीला तोच गाडी काढतो आणि बाहेर बाकावर बसून राहतो. माझा हिस्सा वहिनीच्या नावे करते, असं त्याला मी सांगून पाहिलं.

“तिच्या नावावर कशाला?” तो म्हणाला. “घरात काय तुझं-माझं असतं का?”

वहिनी मशीनमधून मान वर न काढता म्हणाली, “नसतं ना? मग माझ्या नावावर असलं तरी चालेल.”

दादा हसला आणि विषय चहावर गेला. मी मात्र तो तिथेच धरून ठेवला आहे. दुकानातला माझा संपूर्ण अर्धा हिस्सा मी वहिनीला देत आहे. माझ्या पश्चात तिच्या सहीशिवाय दुकान पूर्ण विकता येणार नाही. तिला स्वतःला विकावंसं वाटलं तर तिने खुशाल विकावं. मग माझ्या आठवणीचं ओझं कुणी तिच्यावर टाकू नये. पाटीचं काय करायचं हेही तिनेच ठरवावं.

५. मशीनला तेल घालायची आईची कुपी दादाला. त्याने ती आजवर हातात घेतलेली नाही.

स्थळ: वकील मैत्रिणीचं कार्यालय, खिडकीजवळचं टेबल
दिनांक: दवाखान्यात दाखल होण्याआधीचा सोमवार

मृत्युपत्र करणारीची सही
साक्षीदार: कार्यालयातल्या टंकलेखिका (सही)
साक्षीदार: माझ्या इमारतीतल्या डॉक्टर बाई (सही)

वाचलं, मान्य आहे: ……………

ही शेवटची ओळ दादासाठी आहे. कायद्याला दोन साक्षीदार पुरतात. तू सही केलीस किंवा नाही केलीस, तरी वरचं काहीच बदलत नाही. दादा, तू हे दोनदा वाचशील, ‘माझी कुठे हरकत आहे’ म्हणशील आणि पेन न उचलता खिडकीबाहेर बघशील. मला माहीत आहे. पाटीवर ‘सन्स’ लिहून तुला घातलं, तेव्हा तू चौथीत होतास आणि तुला कुणी विचारलं नव्हतं. मी विचारते आहे. परिशिष्टात दुकानापुढे वहिनीचं पूर्ण नाव आहे. ते वहिनीसमोर मोठ्याने वाच आणि मग इथे सही कर.