बाबांची पाठ आणि विकलेलं शेत

मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. बाबांच्या पाठदुखीसाठी त्यांना वर्तकनगरला संमोहनवाल्या मॅडमकडे नेलेलं. मॅडम म्हणाल्या, डोळे मिटा, आवडत्या जागी जाऊन निवांत बसा. बाबा गेले थेट मानपाड्याच्या शेतात, आणि उठले ते कंबर धरूनच! पाठ आधीपेक्षा जास्त दुखतेय. का, तर म्हणे, "भाताची आवनी बाकी व्हती. बांधावर बसून कसा ऱ्हानार?" म्हणजे सगळा वेळ वाकून रोपं लावत होते! अरे, पण शेत आहे कुठे? ते विकलं, त्यावर ही बिल्डिंग उभी राहिली, तिच्यातच राहतो आपण. नसलेल्या शेतात खरी पाठ कशी भरून येते? आत्ता बाम चोळत होतो, तर विचारतात, "उद्या परत नेशील ना? अर्धा शेत ऱ्हायलाय."