अर्ध्या कामाची चिठ्ठी

५ फेब्रुवारी २००७, पोर्टलंड

पाठवलं! चौदा महिन्यांचं काम, आणि सोबतची मेल जेमतेम दोन पानांची. आता जगभरच्या प्रोग्रामरांच्या मेल-यादीवर कुणीही चिरफाड करावी.

कोलीनताईचा फोन. "अगं, पण हे आहे तरी काय?"

म्हटलं, कर्नल म्हणजे संगणकाचा गाभा. तिथे एखादं काम डिस्कची वाट बघत अडलं, की अख्खा प्रोग्राम ताटकळतो. माझे धागे, म्हणजे प्रोग्रामच्या कामाचे तुकडे, अगदी हलके. अडलेला धागा आपणहून बाजूला सरतो, त्याच प्रोग्रामचा दुसरा पुढे जातो. कुणी कुणाला ढकलत नाही.

"आणि मधेच सरलेल्याचं सामान दुसऱ्याने उचललं तर?"

शाळेत शिकवते ना, असलंच सुचणार तिला! हसून सोडून दिलं.

६ फेब्रुवारी

व्हर्न टॉलिव्हर गप्प. गाभ्याच्या या भागात काय घ्यायचं ते तो ठरवतो. त्याच्या शिव्या परवडल्या.

८ फेब्रुवारी

आलं उत्तर. "कल्पना देखणी आहे. देखण्या कल्पनांची मला धास्ती वाटते. पुढच्या शुक्रवारपर्यंत लोकांना वापरू दे. टिकली तर घेतो."

नकार नाही! एकटीच बेकरीत जाऊन मॅरियनबेरी फळं भरलेला गोड 'पाय' खाल्ला. दोन तुकडे.

१२ फेब्रुवारी

अस्टोरियाची ग्वेन पेट्री. नदीवरच्या केंद्रात सामन मासे मोजते. माझा कोड तिने कामाच्या मशिनवर चढवला — नको म्हणून ठळक लिहिलं होतं मी! आता तिच्या १९९८च्या फाइलमध्ये २००३चे मासे.

फोन केला, तर उलट तीच माझी समजूत घालते. "तुझा काय दोष गं? डिस्कच म्हातारी झालीय, माझ्यासारखी."

"दुसरीकडे प्रत आहे ना?"

"ऑगस्टपर्यंतची. त्यानंतरचे मासे गेले."

डिस्कचा दोष नाही. फोन ठेवून लगेच माझाच कोड उघडला.

१४ फेब्रुवारी

फाइली लिहायची चाचणी रात्रभर लावली आणि सापडलं. फाइल लिहिणारा जुना कोड, काम अर्धवट असताना प्रोग्रामच्या नावावर एक चिठ्ठी ठेवतो — 'हे चालू आहे'. माझा धागा मधेच सरतो. दुसरा येतो, ती चिठ्ठी आपलीच समजतो. झालं! याचं लिखाण त्याच्या घरात. ताईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

यादीवर सगळे ग्वेनच्या डिस्कला नावं ठेवतायत. मी नुसती गप्प बसले तरी परवा माझा कोड आत जाईल. मागाहून गुपचूप दुरुस्त करता येईल. कुणाला कळणारही नाही.

दिवसभर हेच डोक्यात. शरम वाटते लिहायला.

१५ फेब्रुवारी

लिहिलं. "ग्वेनची डिस्क चांगली आहे. चूक माझी. कोड मागे घेते."

तासाभराने फोन. व्हर्न! आजवर कधी बोललो नव्हतो.

"रडतेयस?"

"नाही."

"मग एक कर. तुझे धागे पूर्ण काढ आणि हीच चाचणी जुन्या गाभ्यावर लाव. मेमरी तुटपुंजी दे."

"त्यात काय सापडणार? चूक कळलीय मला."

"सांगतोय ते कर, पोरी." फोन ठेवून दिला. मेलेल्याला मारायची हौस!

१६ फेब्रुवारी

चाचणी चालू. सगळं ठीक. आज माझा कोड आत जायचा होता.

१७ फेब्रुवारी

ठीकच. जेवण जात नाही.

१८ फेब्रुवारी

सकाळी फाइल बिघडली. माझा एकही धागा नसताना! मेमरी संपली की जुना गाभा स्वतःच मधे दुसरं काम घुसवतो आणि तीच चिठ्ठी उचलतो. क्वचित. पण प्रत्येकाच्या मशिनमध्ये, गेली आठ वर्षं. माझ्या धाग्यांनी ते फक्त लवकर उघडं पाडलं.

जुन्या कोडमधली ती चुकीची ओळ कुणी लिहिली ते न बघताच व्हर्नला फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "माझीच आहे ती ओळ. गुरुवारी तुझी मेल वाचली तेव्हाच आठवली. यादीवर मी लिहितोय — तू थांब."