बोट दाखवते का, याचं उत्तर

बाई, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, पण आज भीती वाटतेय ती सांगायला दुसरं कुणी सुचेना. मी बेंगळुरात आहे, यशवंतपूरला, ताईकडं. कुठं टिकलो नाहीच. देवनहळ्ळीला टॅक्सी चालवली, मग गोदामात, मधेच गोव्याला एका माणसाच्या नादानं, ते असू दे. आता ताई कामावर जाते आणि मी तिची मुलगी सांभाळतो. अडीच वर्षांची आहे. हाक मारली तर बघत नाही, पण मी मिक्सरच्या बटणाकडं हात नेला की आधीच कान झाकते.

ताईनं मोबाईलवर तीन चाचण्या करून बघितल्या. एक म्हणाली सगळं ठीक, दुसरी म्हणाली लगेच दाखवा, तिसरी अर्ध्यातच अडकली. मग इथल्याच शिवाजीनगरच्या एका केंद्रात गेलो. तिथल्या मॅडमनी समजावलं की प्रश्नांचा कागद ही नुसती चाळणी, त्यावरून ऑटिझम आहे की नाही ते ठरत नाही. ठरवायला मोठी तपासणी असते, त्यात मुलीशी खेळून बघतात, घरच्यांना खोदून खोदून विचारतात. त्यांच्याकडं मराठी कागद नव्हता, कन्नडातला घेतला, तेवढं वाचता येतं मला. ताई म्हणाली, दिवसभर तूच असतोस, तूच भर.

त्यात होतं, मूल बोट करून वस्तू दाखवतं का? आमची पोर पाणी हवं असलं की माझं मनगट धरून बाटलीवर नेऊन ठेवते, माझ्या तोंडाकडं न बघता. मी ‘हो’वर खूण केली. पाणी मिळतंच की शेवटी. ‘नाही’ लिहिलं तर पोरीचे मार्क जातील असं वाटलं बघा. आणि एकदा हो म्हटल्यावर पुढंही हो, हो करत गेलो.

मॅडम कागद वाचत होत्या आणि ही त्यांचंच मनगट धरून साबणाच्या फुग्यांच्या बाटलीवर ठेवत होती. त्यांनी विचारलं, “अण्णा, बोट शेवटचं कधी दाखवलं हिनं?”

“काल.”

“काय दाखवलं?”

“विमान.”

विमान मी दाखवलं होतं. ती माझ्या बोटाकडंच बघत राहिली होती.

मॅडम म्हणाल्या, कागदावर काळजीचं काही नाही, पण समोर मला वेगळं दिसतंय. मोठी तपासणी लावायची की तीन महिन्यांनी परत चाळणी, सोमवारी कळवा. ताईनं बसमधूनच आईला फोन लावला, पोर पास झाली म्हणून, आणि रडली. मी खिडकीकडं तोंड करून बसलो.

तेव्हा तुम्ही आठवलात. शाळेत डोळे तपासायला आले होते आणि पुढच्या पोरांचं ऐकून मी अख्खा तक्ता पाठ म्हटला होता. दोन वर्षं फळा धूसर दिसला, पण सांगणार कसं, पास झालो होतो ना. मग तुम्ही मधल्या सुट्टीत मला एकट्याला थांबवलंत, फळ्यावर ‘खिडकी बंद कर’ असं लिहिलंत आणि नुसत्या उभ्या राहिलात. मी तुमच्याकडं बघून हसत बसलो. “परीक्षा तुझी नव्हती रे गाढवा, डोळ्यांची होती,” म्हणालात, आणि संध्याकाळी स्वतःच चष्म्याच्या दुकानात घेऊन गेलात. वर्गांच्या ओळीमागं चिंचेचं झाड होतं, त्याला सुटी सुटी पानं आहेत हे मला त्या आठवड्यात कळलं.

आज सोमवार. दहा वाजता ताई मॅडमना फोन करून थांबूया म्हणणार. तिला खरं सांगितलं तर ती मला बोलेल, बोलू दे. भीती वेगळीच आहे. कागदावर ‘नाही, नाही’ असं लिहायला बसलो की पोरीचं ते सगळं खरंच होऊन बसेल असं वाटतं, आणि तसं लिहिलं नाही तरी ते आहेच.

ताई आत केस विंचरतेय. तिला सांगायची वाक्यं जुळवायला हा कागद घेतला होता, आणि लिहून मात्र तुम्हाला झालं. तुम्हाला सांगणं सोपं, बाई. तुम्ही आता काही विचारणार नाही.