पेल्यावरचे शब्द

रविवार, ४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

आज चर्चमध्ये प्रभुभोजनाचा पेला उचलला आणि बाबा थांबले. तिथूनच सुरू करते. खुशाली नंतर.

पाव मोडून झाला होता. त्याचे शब्द त्यांनी नीट म्हटले होते. पेला दोन्ही हातांनी छातीपर्यंत आणला, तोंड उघडलं आणि पुढे काही नाही. आधी वाटलं, श्वास घेतायत. मग त्यांनी पेल्यात पाहिलं, शब्द आत पडले असावेत तसे. उपासनेचं पुस्तक समोर उघडं होतं, चष्मा डोळ्यांवर होता. मी नंतर जाऊन पाहिलं, पानही बरोबर होतं. त्या पानाकडे त्यांनी पाहिलं, पण वाचलं नाही. ओळख नसलेल्या लिपीतल्या पाटीकडे आपण पाहतो, तसं पाहिलं.

कुणीतरी खोकलं. मग डावीकडून बेकरीवाल्या मावशींचा आवाज आला. प्रभुभोजनाचा पाव अजून त्याच भाजतात. तू त्याची कड मोडून खाल्लीस तेव्हा कान पिरगळला होता, त्याच. लहान मूल कविता विसरलं की आपण हळूच पुढचा शब्द देतो, तसा त्यांनी पहिला शब्द दिला. बाबांनी तो उचलला नाही. मावशींनी पुढचा म्हटला, आणि बाकीचे त्यांना मिळाले. अख्ख्या मंडळीने ते शब्द म्हटले. कुणी भरभर, कुणी रेंगाळत, कुणी जुन्या भाषांतरातले, कुणी नव्या. बाबा ऐकत होते. शेवटचं वाक्य त्यांनी लोकांच्या मागून म्हटलं. मग पेला फिरला.

बाहेर आल्यावर खजिनदारकाकांनी मला भिंतीशी गाठलं.

"मास्तरीणबाई, एक विचारू?"

"विचारा."

"मी आज प्रभुभोजन घेतलं, की नुसता द्राक्षाचा रस प्यायलो?"

"काका, घरी जा, जेवा."

"जेवणारच आहे. ते दुसरं जेवण झालं." ते थट्टा करत नव्हते. "ते शब्द पाळकाने म्हणायचे. त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला नेमलेलं असतं, म्हणून. या मावशींच्या डोक्यावर कोणी काय ठेवलंय?"

"पिठाची पोती," मावशी मागून म्हणाल्या. "जन्मभर. चालत असतील तर बघा."

सगळे हसले. काका हसले नाहीत. परवा त्यांच्या पत्नीचं ऑपरेशन आहे. संध्याकाळी त्यांनी वरिष्ठ मंडळाच्या अध्यक्षांना कळवलं, असं ऐकते.

बाबा बरे आहेत. जेवले, झोपले. कॉलेज चालू आहे. हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू "बरं" म्हणतोस आणि मग दोघांनाही कळतं की पुढे काही नाही.

तुझी
मास्तरीण


गुरुवार, १५ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुझ्या दोन ओळी मिळाल्या. "त्यांना आता विश्रांती द्या." कोणी द्यायची ते लिहायचं राहिलं असावं.

सोमवारी अध्यक्ष कॉलेजात आले. स्टाफरूममध्ये माझ्या टेबलावर तपासायच्या पेपरांचा गठ्ठा होता. तो त्यांनी स्वतःच उचलून खुर्चीवर ठेवला आणि टेबलाच्या कोपऱ्यावर बसले.

"त्या रविवारी झालं ते प्रभुभोजन होतं की नव्हतं, यावर मंडळाला लेखी अभिप्राय हवा आहे. धर्मशास्त्र तुझा विषय आहे."

"ते माझे वडील आहेत."

"म्हणून आधी दुसऱ्या प्राध्यापकांकडे गेलो. ते म्हणाले, तिच्या पुस्तकात उत्तर आहे, मी कशाला मध्ये पडू? तेव्हा तुझंच पुस्तक, बाई, तूच निस्तर."

काय पणाला लागलं आहे तेही त्यांनी सांगितलं. अभिप्राय "नाही" असा आला तर बाबांना प्रभुभोजनाच्या टेबलापासून दूर करतील. पाळकाचं घर मंडळीचं आहे, म्हणजे घरही जाईल. "हो" असा आला तर बाबा राहतील. अडले तर लोक शब्द देतील. आई गेल्यावर बाबांकडे ते टेबल आणि हे घर, एवढंच उरलं आहे. मी इथेच राहते, पण मी उरण्यात धरलेली नाही.

हे शास्त्र तू माझ्याआधी शिकलास आणि सोडलंस. तरी लिहिते, म्हणजे माझं मला दिसेल. एक विचार म्हणतो, मंडळी पदावर उभी असते. एकाचा हात दुसऱ्याच्या डोक्यावर, असं येशूच्या प्रेषितांपासून आजपर्यंत. खजिनदारकाका तिथे उभे आहेत. दुसरा म्हणतो, वचनावर. शब्द नीट सांगितले गेले की सांगणारा कोण ते गौण. तिसरा माझा. पुस्तक मिटलेलं असताना त्यात अर्थ नसतो. जमलेले लोक ते ऐकतात, एकमेकांना ऐकवतात, तेव्हा अर्थ घडतो, आणि त्या घडण्यालाच मंडळी म्हणायचं. इमारतीला नाही, पदाला नाही. त्याला दोघे-तिघे पुरतात.

वर्गात मागच्या बाकावरून दरवर्षी कोणीतरी विचारतं, "मॅडम, ऐकणारे झोपले असतील तर अर्थ कुठे जातो?" मी म्हणते, "परीक्षेत." वर्ग हसतो. यंदाही हसला.

त्या रविवारची गोष्ट एखाद्या विद्यार्थ्याने उदाहरण म्हणून रचली असती, तर मी समासात लिहिलं असतं: फार सोयीचं. पण ती घडली.

अभिप्राय एका बैठकीत लिहून झाला. उत्तर "हो" आहे. युक्तिवाद घट्ट आहे, मी दोनदा तपासला. वडिलांसाठी लिहिला असं कुणी म्हणू शकणार नाही, कारण तो त्यांच्यासाठी लिहिल्यासारखा वाटतच नाही. मलाही वाटला नाही.

हे तक्रार म्हणून सांगत नाही. आईच्या दफनाला मी खुर्च्या लावल्या, लोकांना पाणी दिलं, तू का आला नाहीस ते ज्याला त्याला समजेल असं समजावलं. तेव्हापासून हे असंच आहे. दात काढताना सुई देतात ना, तसं. जीभ लावून पाहिली की गाल आहे हे कळतं, पण कुणाचा ते कळत नाही. आधी वाटलं, उतरेल. आता तेही वाटत नाही. वर्गात मी पूर्वीइतकीच चांगली शिकवते. त्याला तयारी लागते, बाकी काही लागत नाही.

प्रार्थना करत नाही. बाबा जेवणाआधी डोळे मिटतात तेव्हा मी भांड्यांवरची झाकणं नीट करते. हे कुणाला सांगितलेलं नाही. तुला चालेल, म्हणून तुला.

काकांच्या पत्नी घरी आल्या. बऱ्या आहेत.

तुझी
मास्तरीण


शनिवार, १ डिसेंबर

प्रिय दादा,

मंडळाने अभिप्राय मान्य केला. बाबा राहतील, घरही राहील. एवढी बातमी पुरे होती. तरी लिहिते.

खजिनदारकाका मंडळाकडून आलेली प्रत घेऊन घरी आले. बाबा आत झोपले होते. काका म्हणाले, "मला सगळं पटलेलं नाही. पण म्हणजे मी घेतलं होतं."

"हो."

"ऑपरेशनच्या आधी घेतलं होतं."

"हो, काका."

"मग बरं." ते थोडे रडले. मी त्यांना टॉवेल आणून दिला. जाताना प्रत जेवणाच्या टेबलावर विसरले. मी ती उचलून ठेवली नाही. बाबा हल्ली अर्ध्या पानापलीकडे वाचत नाहीत.

बुधवारी कॉलेजातून आले तेव्हा बाबा ती वाचत होते. चांगला दिवस होता. असे दिवस येतात अजून. हातात पेन्सिल होती आणि माझ्या समासात बारीक खुणा होत्या, आपल्या शाळेच्या निबंधांवर असायच्या तशा.

"चांगलं लिहिलंस," ते म्हणाले. "मला एवढं जमलं नसतं."

"म्हणजे तुम्ही राहताय, बाबा."

"हो ना, राहतोय." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "एकच समजलं नाही. मावशींनी म्हटलं, लोकांनी म्हटलं, झालं. पूर्ण झालं, असं तू सिद्ध केलंस. मग मी तिथे उभा कशाला होतो?"

मी म्हटलं, पदाचं स्थान तिसऱ्या भागात मान्य केलेलं आहे.

"वाचलं ते. सुव्यवस्थेसाठी. म्हणजे चौकातला पोलीस."

"तसं नाही, बाबा."

"तसंच आहे. आणि बरोबर असेल. मी वाद घालत नाही. फक्त विचारतोय, इतकी वर्षं मी तिथे काय करत होतो?"

दादा, त्यांना घालवायला दोन्ही उत्तरं पुरेशी होती. "नाही" म्हटलं असतं तर टेबल गेलं असतं. "हो" म्हटलं, तर त्या टेबलाला त्यांची गरज कधी नव्हतीच. मला हे लिहिताना दिसलं नाही, दोनदा तपासतानाही दिसलं नाही. त्यांना एका वाचनात दिसलं, आणि तेसुद्धा त्या अवस्थेत.

मी पिशवीतून भाजी काढत होते. ते म्हणाले, "आणि तुझा आवाज नव्हता."

"कशात?"

"त्यात. मी लोकांकडे तोंड करून उभा होतो ना. एकेक आवाज ओळखू येत होता. मावशींचा. खजिनदाराचा. हो, तोही म्हणत होता, विचार त्याला. तुझी आई असती तर सगळ्यांच्या अर्धा शब्द पुढे असती. मी तुझा शोधत होतो. वाटत होतं, तो सापडला की मला पुढचं आठवेल."

मी म्हटलं, "चहा ठेवते."

"ठेव," ते म्हणाले.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की अख्ख्या मंडळीने म्हटलं. तसं नव्हतं. मी म्हटलं नाही. शब्द येत होते. मला ते तीन भाषांत येतात. मावशींचा एक शब्द राहिला तेव्हा कुठला राहिला तेही कळलं. मी बाकावर बसून ऐकत होते, कुणाचं भाषांतर जुनं, कुणाचं नवं, आणि मनात एक वाक्य जुळवत होते. तेच अभिप्रायाचं पहिलं वाक्य आहे. बाबा हातात पेला धरून माझ्याकडे पाहत होते हे मला दिसलं होतं. मला वाटलं, ते मला निरीक्षण करू देतायत. खरंच, असंच वाटलं. पेला आला तेव्हा मी प्यायले. गोड होतं.

चहा झाल्यावर त्यांनी कप धुतला आणि विचारलं, "तुझी आई कुठे गेलीय?" म्हणजे तो चांगला दिवस संपला. मी म्हटलं, बाहेर गेलीय. त्यानंतर तीन दिवस त्यांनी हा विषय काढला नाही. त्यांना आठवत नाही, की आठवतं आणि बोलत नाहीत, ते मला वाचता येत नाही. वाचणं हे माझं काम आहे, आणि ते मला घरी येत नाही.

उद्या पुन्हा प्रभुभोजन आहे. मावशींनी विचारलं, पाव नेहमीसारखाच ना? मी हो म्हटलं.

तू ये, असं म्हणत नाही. तू गेलास तेव्हा दार आपटून गेलास. बाबा महिनाभर जेवले नाहीत नीट, पण तू गेलास हे त्यांना कळलं तरी. मी दर रविवारी त्याच बाकावर बसले, गाणी म्हटली, खुर्च्या लावल्या, आणि कधी निघून गेले ते मलाही सांगता येणार नाही. मंडळीत तुझ्यासाठी अजून प्रार्थना करतात. माझ्यासाठी कुणी करत नाही, कारण मी समोर दिसते.

तुझी बहीण,
तुझ्याइतकीच बाहेर


ता. क. रविवार, दुपार. पत्र टाकायचं राहिलं होतं, म्हणून सकाळचं लिहिते.

बाबांनी झगा घातला नाही. साधा शर्ट घालून आले आणि माझ्या शेजारी बाकावर बसले. टेबल लावलेलं होतं, तिथे कुणी नव्हतं. लोक वाट पाहत राहिले. खजिनदारकाका उठून आमच्यापाशी आले आणि वाकून म्हणाले, "पाळकसाहेब, चला ना." बाबा म्हणाले, "करा सुरू. तिने लिहून दिलंय, चालतं." ते रागाने म्हणाले नाहीत.

मावशी पुढे गेल्या. त्यांनी पदराला हात पुसले आणि पेला उचलला. सगळ्यांनी म्हटलं. बाबांनीही म्हटलं, सबंध, न अडता. मीही म्हटलं. आवाज निघाला. त्याहून अधिक काही झालं नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

नंतर बाहेर बाबांनी काकांना सांगितलं की महिनाअखेर घर रिकामं करतो. काका नको नको म्हणाले, मंडळाचा निर्णय आहे म्हणाले. बाबांनी त्यांचा हात धरला, पण शब्द मागे घेतला नाही. आम्हाला कॉलेजच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या मिळतील. घरी आल्यावर ते कपाटाशी गेले. पुस्तकांचं एक खोकं भरून झालं आहे.