लेकीने धाडलेला सुरा

३ नोव्हेंबर

सुरा आला! लेक नाही आली. सुरा आला.

सर्व्हेवाल्यांच्या जीपचा ड्रायव्हर दुकानासमोर थांबला. माझ्याहून वीस-पंचवीस वर्षांनी लहान असेल. टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काउंटरवर ठेवलं. "मॅडमनी दिलाय. तपासून, धार लावून ठेवा म्हणाल्या." एवढंच. चिठ्ठी नाही, चपाटी नाही.

दोन वर्षांपूर्वी ती ही रानातल्या सर्व्हेची नोकरी धरून निघाली, तेव्हा मी दारात उभा राहून म्हणालो होतो — जातेस तर जा, पण पुन्हा या दारात यायचं नाही! रागाच्या भरात गेलं तोंडातून. तिने माझ्या डोळ्यांदेखत खुंटीवरचा माझा सुरा काढून घेतला आणि गेली. माझा शब्दही पाळला. शेवटी बापाचीच मुलगी.

ताईला अजून सांगितलेलं नाही.

४ नोव्हेंबर

कोमट पाणी, साबण, कोरडं फडकं. मग खिडकीपाशी बसून पातं बघितलं.

काय हाल केलेत! पाठीपर्यंत झाडाचा चीक. धार उजेडात धरली तर मध्ये दोन ठिकाणी चमकते — चांगली धार चमकत नाही, दिसतच नाही. टोकाजवळ खांड पडलीय, तांदळाच्या दाण्याएवढी. दगडावर आपटलाय. पाठीवर ठोकल्याच्या खुणा. लाकूड फोडताना पाठीवर लाकडानेच ठोकायचं, हे शंभरदा सांगितलं होतं! मुठीपाशी गंजाचे ठिपके. म्हणजे ओला सुरा तसाच चामड्याच्या म्यानात घातला. चामडं ओल धरून ठेवतं, तेही सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी!

एकटाच बसून अर्धा तास तिच्यावर ओरडत होतो. फार बरं वाटलं.

मग मूठ बघितली. दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी गुंडाळलीय. तळहाताला फोड आले असणार. लहानपणी साधं बोट कापलं तरी दिवसभर मला दाखवत फिरायची. आता कोणाला दाखवते कोण जाणे. पट्टी सोडवायचा धीर झाला नाही.

फार आठवण येते तिची. लिहून टाकलं एकदाचं.

६ नोव्हेंबर

काम खरं तर कालच झालं. गंज तेल लावून घासून काढला. आधी खरखरीत दगड, मग बारीक, मग चामड्याच्या पट्ट्यावर वीस-वीस हात. कागद लोण्यासारखा कापला. खांड तेवढी थोडी ठेवली. मुद्दाम.

ड्रायव्हर आला — "झालं का काका?"

म्हटलं, "कुठलं! मोठं काम आहे. आणि धार ज्याची त्यानेच हातात धरून बघायची असते. तिलाच पाठवा."

धादांत खोटं. चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला असं सांगितलेलं नाही.

७ नोव्हेंबर

ताईला कळलंच. सख्खी बहीण, त्यात शेजारी राहते, तिच्यापासून काय लपणार! "सरळ फोन कर की. चुकलो म्हण. तीन अक्षरं आहेत."

तिला काय जातंय म्हणायला. फोनवर घशातच अडकतात ती तीन अक्षरं. समोर आली तर म्हणेन. नक्की म्हणेन.

१० नोव्हेंबर

ड्रायव्हर सामान भरायला आला होता. "मॅडम म्हणाल्या, बघू."

बघू! नाही म्हणाली नाही!!

११ नोव्हेंबर

तिची खोली झाडली. खिडकीची कडी कुरकुरत होती, तेल दिलं. संध्याकाळी पुन्हा सुरा काढून बसलो. ताई दारातून बघत होती. "आता काय दागिने घालतोस का त्याला?"

१३ नोव्हेंबर

हात दाखवून अवलक्षण!

म्हटलं, उरलेली खांड आता काढूनच टाकू, ती आली तर काय म्हणेल! घाईत सुरा मशीनच्या चाकावर धरला, पाणी न लावता. तेवढ्यात जीपचा आवाज. मान वळली. जीप भलत्याच कोणाची. परत बघतो तर टोक निळं पडलेलं. पोलाद तापून निळं झालं की त्याचं पाणी उतरलंच, मग धार टिकत नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकवतो मी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

निळा भाग ओल्या दगडावर हातानेच घासून काढला. चार तास लागले. सुरा करंगळीच्या नखाएवढा आखूड झालाय. परकं माणूस फसेल. ती नाही फसायची.

सांगून टाकणार. आधी सुऱ्याची चूक, मग ती दारातली. लहान चुकीपासून सुरुवात केली की जीभ सैल होते.

१४ नोव्हेंबर

पात्याला तेलाचा हात दिला. कोरड्या कागदात गुंडाळला, म्यानात नाही. मुठीवरची जुनी पट्टी आज सोडवली, तिथे मऊ दोरी आवळून बांधली. आता टोचणार नाही तिला.

१५ नोव्हेंबर

जीप नाही.

१६ नोव्हेंबर

नाही. रस्त्यावर चारदा जाऊन आलो. ताईने न मागता चहा आणून दिला. ती अशी मायेने वागली की जास्त भीती वाटते.

१७ नोव्हेंबर

जीप आली. ड्रायव्हर एकटाच उतरला. मी सुरा पुढे केला. त्याने घेतला नाही. तिथेच घुटमळला.

"काका, खरं सांगू? मॅडमना ऑफिसकडून नवा सुरा मिळालाय, महिना झाला. हा परत आणू नका म्हणाल्या. मला काम एकच — बाबांचा राग उतरला का, तेवढं तोंड बघून येऊन सांगा. इतक्या वेळा आलो, पण कळेचना. तुमचं तोंड कायम असंच!"

म्हटलं, बसा पाच मिनिटं. दाढी करून येतो. मग नीट बघा.