टाळी वाजवू नका

५ जानेवारी
भाषणाचा खर्डा:
"अंध खेळाडूंच्या आयाबापांनो, तुमची आणि माझी तक्रार एकच आहे. या जिल्ह्यानं आपल्या लेकरांना शाली दिल्या, नारळ दिले, 'दिव्यांग' असं नवं सन्मानाचं नावसुद्धा दिलं. मैदान दिलं नाही. हे क्रिकेट कानांनी खेळतात. चेंडूत छर्रे असतात, तो जमिनीवरून खुळखुळत येतो. आणि तो ऐकायचा कुठे? आठवडी बाजाराच्या जागेत, भोंग्यांखाली?"
मोठ्यानं वाचून पाहिलं. 'शाली दिल्या'ला टाळी नक्की. मग ती ओळ खोडली. दिनू असता तर लगेच म्हणाला असता, "ताई, इथं थांबलीस तू. टाळीची जागा ठेवलीस." डोळे गेल्यापासून त्याचे कान फार दुष्ट झाले होते.
माझा धाकटा भाऊ. संघ त्यानं उभा केला, ही पदयात्राही त्यानंच आखली. रोहिणखेड ते बुलढाणा, वाटेत देऊळघाटला मुक्काम, सोबत त्याची कुत्री बेला. चेंडू, मॅट आणि एका शांत मैदानासाठी. पावसाळ्यात गेला. यात्रा राहिली, बेला राहिली.
खर्डा पुन्हा लिहायचा आहे.

७ जाने.
बेलाला जिथे शिकवलं त्या केंद्रातल्या प्रशिक्षकांचा फोन. बेला अंधांना वाट दाखवणारी कुत्री. ती केंद्राची, दिनूकडे कामाला होती. दिनू नाही, म्हणून ती आपोआप माझी होत नाही. नियम बरोबर आहे. सभेत मीच ठणकावून मांडला असता: शिकलेलं जनावर डोळस माणसानं ओसरीवर झोपवून ठेवणं हा माज आहे.
घरात मात्र तोंडातून "बरं" एवढंच निघालं.
आता ती वैशालीला मिळायची आहे. वरवट बकालची मुलगी, इथे बुलढाण्यात बी.ए.ला, संघातली सगळ्यात चांगली गोलंदाज. मैत्रिणीला वेळ असेल तेव्हाच तिला सरावाला येता येतं. बेला आली की एकटी येईल. यात्रेनंतर दोघींना एकत्र शिकवायचं ठरलं.

११ जाने.
कामाची सवय मोडू नये म्हणून सकाळी बेलाचा पट्टा काढला. पाठीवर बसतो, वर धरायला ताठ दांडी आहे. समोर धरला की ती आपणहून डोकं घालते. घातलं की शेपूट थांबते. कामावर.
चिखली रोडवर गतिरोधकापाशी थांबली. मी थांबले. मला तो दिसत होता. पण मी "पुढे" म्हणेपर्यंत ती हलली नाही. मान वर करून बघत राहिली, पायाला कळला का म्हणून. एवढी वर्षं दिनूसाठी अशी...
भाजीवाली विचारत होती, "मॅडम, बरं नाही का?"

१८ जाने., देऊळघाट
रोहिणखेडच्या जुन्या मशिदीपासून निघालो. शंभरेक माणसं असतील. गजानन पुढे. हा दिनूचा जिवलग, शिंपी, एका डोळ्यानं थोडं दिसतं, संघाचा यष्टिरक्षक. यात्रेचा सगळा कारभार त्याच्याकडे. दर गावात ओरडून सांगत होता, "कुत्रीले हात लावू नका, खाऊ घालू नका. ते ड्युटीवर हाये."
एक म्हातारी म्हणाली, "ड्युटीवर हाये त चहा बी नाही का बे? आमच्या इकडचे साहेब त ड्युटीवरच पेतात."
बायका ताट घेऊन उभ्या. बेलाला कुंकू लावायचा हट्ट. गजानन मध्ये पडला, "मॅडमले लावा. त्याइले चालते."
चढ संपल्यावर वैशालीनं दांडी धरली. प्रशिक्षकांनी फोनवर होकार दिला होता. मी बाजूने, बेलाची दोरी माझ्या हातात. थोडं चालल्यावर वैशाली म्हणाली, "ताई, कोनाचाच हात नाही धरला मी. आन् चालून राह्यली."
मग तिनं विचारलं, "काऊन गप्प झाल्या?"
माझ्यासारखी बाई गप्प बसते तेव्हा लोकांना काळजी वाटते.

१९ जाने.
बुलढाण्याच्या तोंडाशी कमान, ढोलताशे. तोवर ठीक. मग कुणीतरी फटाक्यांची लड पेटवली, आमच्या पायांजवळ. बेला उसळली. दोरी माझ्या हातातून गेली. वैशाली खडीवर आपटली, दोन्ही गुडघे फुटले. ढोल वाजतच होता. वाजवणाऱ्या पोरांना वाटलं, कुत्री नाचते आहे.
बेला सापडली रसवंतीच्या गाड्याखाली. खाली लघवी झालेली.
वैशाली पट्टी बांधून घेताना सारखं तेच: "तिनं मले नाही सोडलं ताई. मीच दांडी सोडली. तिच्या नावावर नका लिवू."
भाषण झालं. काय बोलले आठवत नाही. टाळ्या पडल्या म्हणे.

२१ जाने.
पट्टा समोर धरला. बेला मागे सरली. भिंत लागली तरी सरत होती.
ठेवून दिला. संध्याकाळी पुन्हा काढला, ती दिनूच्या खाटेखाली गेली. दुधाची वाटी तिथेच सरकवली. प्यायली नाही.

२२ जाने.
गजानन आला. बस म्हटलं, बसला नाही. उंबऱ्याबाहेरूनच:
"ताई, लड मी सांगतली होती."
मग तोच पुढे:
"दिनूभाऊले दवाखान्यातून आनलं तवा पानी धो धो. कोनी आलं नाही. चार मान्सं आन् आपन. मले वाटलं, आता त वाजतगाजत..." मग म्हणाला, "मले झापा ना ताई. तुम्ही जगाले झापता."
खरं आहे. लग्नातल्या बंदुका, मिरवणुकीतले भोंगे, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या लडी, सगळ्यांवर मी बोलले आहे. आपल्याकडे प्रेम आवाजाशिवाय झालेलं कुणाला पटत नाही, हेही बोलले आहे. गजानन प्रत्येक वेळी पहिल्या रांगेत असायचा.
त्याला चहा दिला. उभ्यानंच प्याला.

२४ जाने.
प्रशिक्षकांचा फोन. दोन तारखेला, रविवारी, बघायला येतात. पट्टा घालू दिला नाही तर बेला कामातून बाद. "एकदा असं घाबरलं की काही कुत्री परत उभी राहत नाहीत, मॅडम. तसं झालं तर तुमच्याकडेच राहू दे. ओळखीचं घर आहे."
फोन ठेवला आणि मला आनंद झाला.
लिहून ठेवते, कारण हे कुठल्या व्यासपीठावरून सांगता येणार नाही. आनंद झाला. दिनूच्या खाटेखाली दिनूची कुत्री, तिच्या मरेपर्यंत. वैशालीचा विचार नंतर आला. बराच नंतर.

२६ जाने.
वैशाली मैत्रिणीचा हात धरून आली. गुडघ्यांवर खपली. खाटेशेजारी फरशीवर बसली, बेलाला हाक मारली नाही. नुसती बसली. अर्ध्याएक तासानं बेलाचं नाक बाहेर आलं, तिच्या तळहातापाशी.
"तिले माह्या राग आला काय, ताई?"
"नाही गं. भ्याली आहे."
मग तिनंच सांगितलं. पहिल्यांदा सरावाला आली तेव्हा ती दोन दिवस कडेलाच उभी होती, चेंडूच्या आवाजानं भ्यायची. दिनूनं सगळ्या संघाला गप्प बसवलं. खोकायचंसुद्धा नाही. फक्त चेंडू खुळखुळवत राहिला, एका जागी बसून, ती स्वतः चालत येईपर्यंत. "मॅच थांबोली सरनं. मी एकटी घाबरेल होती, त सगळ्याइले बसोलं."
मला हे माहीत नव्हतं. मी त्याच्या सरावाला कधी तासभर बसले नाही. मला सभा असायच्या.
जाताना म्हणाली, "नाही आली माह्याकडे, तरी मी येत जाईन तिले भेटाले. चालते ना?"
हो म्हटलं.

२९ जाने.
ठरलं. एका शाळेनं रविवारपुरतं मैदान दिलं आहे, गावाबाहेर, रस्त्यापासून आत. संघाची मॅच तिथे, प्रशिक्षक तिथेच येतील. मॅचआधी वैशाली मैदानाच्या मधोमध बसेल, हातात पट्टा धरून. आम्ही सगळे कडेला. कुणी हाक मारायची नाही, मीही नाही.
गजाननला सांगितलं, उद्घाटन नाही, भाषण नाही.
"तुमचं बी नाही?"
"माझं तर नाहीच."
"बिना भाषनाचा कार्यक्रम लोकाइले चोरीचा वाटते, ताई." मग थोड्या वेळानं, "ढोलवाल्याइले मी सांगतो. त्याइनंच पोराइले गप्प बसवाव म्हनतो." आणि खरंच गेला, लगेच.

१ फेब्रुवारी
सकाळी पट्टा धुतला, वाळवला, खुंटीला अडकवला. दुपारी बेला खुंटीखाली येऊन उभी राहिली. वास घेतला. ती वळली आणि परत खाटेखाली गेली.
उद्या डोकं घालेल का, सांगता येत नाही. घातलं तर दोन-तीन आठवड्यांत ती या घरातून जाईल आणि ही खाट रिकामी होईल, वरून आणि खालूनही. नाही घातलं तर माझी. दिवसभर दोन्ही बाजूंनी देवाशी भांडले. मी, जी देवाशी बोलत नाही.
शेवटी गावातल्या ग्रुपवर टाकायला आवाज ध्वनिमुद्रित केला. आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण. दिनूला टाळीची जागा सापडू नये म्हणून तीनदा ऐकलं. इथे उतरवून ठेवते:
"बुलढाणेकरांनो, मी दिनूची ताई. पंधरा दिवसांपूर्वी आपण सगळ्यांनी आमचं फार जोरात स्वागत केलं. त्या आवाजात एक मुलगी पडली, आणि तिला वाट दाखवणारी कुत्री काम विसरली. उद्या सकाळी आठला दोघी मैदानात असतील. या, पोराबाळांना घेऊन या. मोबाइल बंद करा, गाड्या रस्त्यावरच ठेवा, मातीत बसा. कुत्री उठून तिच्याकडे गेली तरी टाळी वाजवू नका. नाही गेली तरी हळहळू नका. शेवटचा चेंडू पडेपर्यंत फक्त गप्प बसा."