हवालदाराच्या ताटाची चौकट

बाबा,

कुबड्यांच्या जोड्या, पाठ टेकायच्या फळ्या, खाटेवर आडवं बसणारं टेबल, झोपल्या झोपल्या पेपर वाचता यावा म्हणून छातीवर उभी राहणारी घोडी, आणि दिघोरीच्या हवालदाराच्या ताटाची चौकट. एवढं सगळं मी माझ्या हातांनी केलं, कोणा सुताराच्या हाताखाली न जाता. कुबडीच्या बगलेला लोक सायकलच्या ट्यूबचं रबर लावतात. ते घामानं चिकटतं. मी घोंगडीचा तुकडा दुहेरी करून लावायचो, आणि तोही खिळ्यानं नाही, टाके घालून. तुम्हाला हे ठाऊक होतं. तरी मंडळात कोणी विचारलं की तुम्ही म्हणायचे, "पोरगा थोडीफार ठोकाठाकी करते." ठोकाठाकी! तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, त्या शब्दाचा राग अजून गेला नाही.

माझ्या हातांनी म्हटलं खरं, पण माझा रंधा कोणत्या हातानं चालतो ते घरात सगळ्यांना माहीत होतं. आईनं ताट वाढलं की तुमची नजर आधी माझ्या डाव्या हातावर. "डावा मांडीखाली!" मी त्या हातावर बसून जेवायचो. उठायचो तेव्हा बोटांत मुंग्या आणि पंजाच्या मागच्या बाजूला सारवलेल्या जमिनीचे ओरखडे. आई म्हणायची, "राहू द्या नं जी." तुम्ही म्हणायचे, "उद्या चार लोकांत बसन तवा?"

आणि चार लोक म्हणजे तुमचं बंधुमंडळ. बाजारातले धानाचे व्यापारी, दोन मास्तर, एक कंपाउंडर. एकमेकांना 'बंधू' म्हणायचं आणि दर रविवारी भंडाऱ्याच्या दवाखान्यात माजी सैनिकांच्या खाटांपाशी जायचं. दाढी करून द्यायची, नखं कापायची, घरी पत्र लिहून द्यायचं, आणि शेवटी व्हरांड्यात त्यांच्याच पंगतीला बसायचं. बंधू म्हणवता तर सोबत जेवा, हा नियम तुमचाच.

हवालदाराचा उजवा हात बांगलादेशच्या लढाईत मनगटाच्या वर गेला होता. पेन्शन घेऊन गावी आला, जखम पुन्हा चिघळली म्हणून त्या दवाखान्यात भरती झाला. डॉक्टर सांगून थकले की अंगात अन्न गेल्याशिवाय ती भरायची नाही. पहिल्या रविवारी तुम्ही वरणभात कालवून घास त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं ओठ घट्ट मिटले.

"भरवता कायले? मी लेकरू आहो का?"

"मंग तुमी खा."

"कोणत्या हातानं? डाव्यानं? एवढ्या लोकांत?" आणि तो भिंतीकडे वळला. त्याची बायको हळूच म्हणाली, "अंधार पडल्यावर दोन घास खातेत जी. तेही पाठ करून."

परतताना तुम्ही मला म्हणाले, "ताट सरकते त्याचं. काहीतरी कर बाबू." मी सागवानाची चौकट केली. खाली ताट बसेल अशी खाच, आणि उजवीकडची कड उंच, आतल्या अंगाला वळवलेली, म्हणजे डाव्या हातानं लोटलेला भात कडेला अडून परत बोटांत येतो. ताटात भात घेऊन मी माझ्या सुतारकामाच्या कारखान्यात डाव्या हातानं खाऊन पाहत होतो आणि तुम्ही दारात येऊन उभे. मी हात पाठीमागे नेला. तुम्ही म्हणाले, "थांबला काहून? तूच नाही पाहशील त कोण पाहन?"

पुढच्या रविवारी हवालदारानं चौकटीवरून बोट फिरवलं. "चीज चांगली आहे. पण हात तर डावाच आहे ना, भाऊ."

मग तुम्ही त्याच्या समोर बसले. ताट पुढं ओढलं. उजवा हात मांडीखाली घातला.

ते मी अजून पाहतो आहे. तुम्ही डाव्या हातानं भात कालवता, घास उचलता, अर्धा धोतरावर पडतो. वरण कोपरापर्यंत ओघळतं. शेजारचे व्यापारी विचारतात, "बंधू, हे काय करून राहिले?"

"जेवून राहिलो."

हवालदार कितीतरी वेळ बघत बसला. शेवटी त्याला राहवेना. "अजी, अंगठ्यानं रेटा घासाले. सांडून राहिलं सारं."

"दाखवा ना मंग. मले कुठं येते?"

त्यानं दाखवलं. घास कडेला अडला, बोटांत आला, तोंडात गेला. मग दुसरा. पंगतीत एकेकाचा उजवा हात मांडीखाली जाऊ लागला. एका मास्तरांची आमटी कंपाउंडरच्या पँटवर गेली, तो ओरडला, "बंधू, मले पेशंट करता का?" आणि हवालदार भरल्या तोंडानं हसला. त्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला.

त्या पंगतीत एकटा मी उजव्या हातानं जेवलो.

वाटेत तुम्ही विचारलं, "तू काहून उजव्यानं जेवला बे?"

"तुमीच शिकवलं."

तुम्ही सायकल हातात धरून नाक्यापर्यंत चालत राहिले, बसलेच नाही. मग म्हणाले, "धोतर कायनं भरलं ते आईले सांगू नको." एवढंच. पण त्या दिवसानंतर ताटावर बसलो की तुम्ही माझ्या हाताकडे पाहणं सोडलं. मीच उजव्यानं जेवायची सवय सोडली नाही.

हवालदार बरा होऊन गावी गेला. इतक्या वर्षांनी, परवाच्या दिवाळीत, चौकट घेऊन आला. उंच कड झिजून गुळगुळीत झाली होती. मी नवी करून दिली, जुनी ठेवून घेतली. मागच्या आठवड्यात नागपूरचा एक व्यापारी कारखान्यात आला. दवाखान्यांना लागणारं सामान विकतो. त्याला अशा चौकटी मशीनवर करायच्या आहेत आणि नमुना म्हणून हीच पाहिजे. मी म्हटलं, नवी करून देतो, दोन दिवस लागतील. तो म्हणाला, नाही, ही वापरलेली आहे, कड किती झिजते ते हिच्यावरच कळतं. माणूस हुशार होता. मी सांगितलं, ही हवालदाराची आहे, विकायला माझी नाही.

खरं कारण इथं लिहितो, कारण हे पत्र टाकायला पेटी नाही. दुपारचा डबा मी त्याच चौकटीत ताट ठेवून खातो, डाव्या हातानं, कारखान्याचं दार लोटून. घरी अजून जमलेलं नाही. तो सात हजार देत होता, बाबा. मी नाही म्हटलं.